कुंडी ओली, तरी झाड मलूल: जुन्या झाडाची मुळं कुजतात तेव्हा काय करायचं

चार-पाच वर्षं दिवाणखान्यात डोलत असलेलं रबराचं झाड किंवा मनी प्लांट. खालची पानं एकेक करत पिवळी पडून गळायला लागतात, शेंडा मान टाकतो. बोट लावून बघावं तर माती ओली. तरी उन्हाळा आहे म्हणून अजून तांब्याभर पाणी घातलं जातं आणि दोन दिवसांत झाड आणखी बसतं. मग कुंडी बदलायची, महिनाभर बरं वाटायचं, आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा पहिल्यापासून.

पाणी असून झाड का सुकतं, हे शेतीशी थोडाफार संबंध असलेल्याला एका शब्दात कळतं: वाफसा. रानात ओल आहे आणि मातीत हवाही खेळते, अशी ती अवस्था. वाफसा नसताना कुणी औत घालत नाही की पेरत नाही. घरातल्या कुंडीत मात्र वर्षानुवर्षं वाफसा येऊच दिला जात नाही. मुळांना श्वासासाठी प्राणवायू लागतो. मातीतल्या पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या की आधी पांढरी मुळी मरते, आणि पाणी ओढायचं काम तिचंच असतं. मेलेल्या मुळीवर मग पिथियम, फायटोफ्थोरा, फ्युजॅरियम असल्या बुरशीवर्गीय रोगजंतूंचं फावतं. म्हणजे बुरशी बहुतेक वेळा मागून येते, माती आधी चिबडलेली, म्हणजे पाणी साचून गुदमरलेली असते. महिन्याला बुरशीनाशकाची आळवणी करूनही, म्हणजे औषधाचं पाणी मुळाशी ओतूनही, झाड सुधारत नाही ते यामुळे.

आधी बिघाड कुठला ते ओळखा

वरून सारखे दिसणारे तीन वेगळे बिघाड आहेत आणि तिघांचे उपाय वेगळे आहेत. खराट्याची एक काडी घ्या, कुंडीच्या कडेपासून दोन इंच आत, तळापर्यंत खुपसा आणि दहा मिनिटांनी काढा. पूर्ण काडी ओली, तिला चिखल चिकटलेला आणि नाकाजवळ नेली तर गटारीसारखा वास: हे चिबडणं. कुंडी तिरपी करून तळाच्या भोकाला नाक लावलं तरी हाच वास येतो.

काडी वरच्या दोन इंचात ओली आणि खाली कोरडी असेल, किंवा मधोमध ती आतच जात नसेल, तर भानगड उलटी आहे. काळी माती एकदा पूर्ण वाळली की आकसते, कुंडीच्या भिंतीपासून सुटते आणि कडेला फट पडते. वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ भोकाबाहेर येतं. ताटलीत पाणी दिसलं म्हणून आपण समाधानी, आणि मधला गोळा विटेसारखा कोरडा. अशी कुंडी बादलीभर पाण्यात तासभर बुडवून ठेवली, बुडबुडे थांबले की काढून निथळली, तर बरंचसं काम होतं.

तिसरा बिघाड क्षारांचा. मातीवर किंवा मातीच्या कुंडीच्या बाहेरच्या अंगाला पांढरी पूड फुटलेली, पानांची टोकं आणि कडा करपलेल्या, पण वास नाही. इथे मुळं कुजलेली नसतात, टोकाशी जळलेली असतात. याची कारणं पाण्यात आहेत, त्याबद्दल शेवटी.

आणि नवी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या असं दिसत असेल तर तो लोहाचा पिवळेपणा. आपली मराठवाड्याची काळी माती आणि बोअरचं पाणी दोन्ही विम्लधर्मी असल्यामुळे लोह असूनही झाडाला उचलता येत नाही. मूळकुजीत साधारणपणे जुनी, खालची पानं आधी जातात. दोन्हींत गल्लत करून लोक कुजक्या मुळांवर खत ओततात, आणि उरलीसुरली मुळीही त्यात जाते.

काळ्या मातीचा गोळा

दुखणं पुन्हा पुन्हा उलटतं त्याचं सर्वांत मोठं कारण कुंडीच्या मधोमध लपलेलं असतं. नर्सरीतलं रोप बऱ्याचदा चिकण मातीच्या घट्ट गोळ्यात येतं, मग ते जवळच्या नर्सरीतलं असो की आंध्रातल्या कडियमहून ट्रकने आलेलं. प्रवासात गोळा फुटू नये म्हणून नर्सरीवाल्याला ती माती सोयीची. आपण पिशवी फाडतो, गोळा तसाच कुंडीत ठेवतो, भोवती कोकोपीट आणि शेणखत भरतो. आता एका कुंडीत दोन वेगळ्या माती झाल्या. भोवतालचं मिश्रण दोन दिवसांत सुकतं, गोळा दहा दिवस ओला राहतो. बोट लागतं ते कडेच्या कोरड्या भागाला, म्हणून पाणी घातलं जातं, आणि मुळं बसलेली असतात आतल्या चिखलात. पुढच्या वेळी कुंडी बदलतानाही तोच गोळा नव्या कुंडीत जातो.

काळी माती वाईट नाही. कापूस, तूर, सोयाबीन तिच्यावरच उभं आहे. पण रानात तिला खोली आहे, खाली मुरूम आहे, उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगांतून हवा आत जाते. दहा इंची कुंडीत तीच माती ओली असताना फुगून पोकळ्या बंद करते आणि वाळताना आकसून बारीक मुळ्या तोडते. तिच्यात मूठभर वाळू मिसळल्याने ती भुसभुशीत होत नाही. वाळूचे कण चिकण मातीत रुतून बसतात आणि गोळा उलट आणखी टणक होतो. फरक पडायला निम्म्याहून जास्त भरड माल लागतो, आणि मग ती काळी माती राहतच नाही.

तळाला खडीचा थर दिला की पाणी निचरतं, हा असाच एक पक्का गैरसमज. भांडी घासायचा ओला स्पंज उभा धरा: वरचा भाग निथळतो, खालची पट्टी ओलीच राहते. कुंडीतल्या मातीचंही तसंच होतं. तळाशी ओलीचा एक पट्टा उरतोच. खाली खडी घातली तर तो पट्टा खडीच्या वर सरकतो, म्हणजे मुळांच्या आणखी जवळ. भोकावर नायलॉन जाळीचा तुकडा किंवा एक खापरी पुरते.

झाड बाहेर काढणं

वेळ शक्य असेल तर निवडा. मृग-आर्द्रा बरसून हवेत दमटपणा आला, म्हणजे जूनअखेरपासून ऑगस्टपर्यंतचा काळ सर्वांत सोपा. फेब्रुवारीही चालतो. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांवर आणि हवा कोरडी ठाक असताना मुळं छाटलेलं झाड टिकवणं अवघड. डिसेंबर-जानेवारीत परभणीकडे रात्री पाच-सात अंशांपर्यंत उतरतात, तेव्हा मुळं वाढतच नाहीत. पण वास सुटला असेल तर मुहूर्त बघू नका, मे असला तरी काढा.

चिखल असेल तर पाणी बंद करून दोन दिवस सावलीत ठेवा, गोळा जरा आवळू द्या. कुंडीच्या आतल्या कडेने जुनी सुरी फिरवा, कुंडी आडवी करून तळहाताने चौफेर ठोका, आणि खोड धरून ओढण्याऐवजी कुंडीच गोळ्यावरून सरकवा. प्लास्टिकची असेल आणि हलत नसेल तर कापून टाका. कुंडी शंभर-दीडशेची, झाड पाच वर्षांचं.

आता गोळा बादलीत अर्धा तास भिजवा. हाताने कुस्करू नका. पाण्यात हळूहळू हलवत राहा, बोथट काडीने बाहेरून आत माती सोडवत जा आणि पाणी दोन-तीनदा बदला. मधला नर्सरीचा गोळा हमखास खोडाच्या अगदी बुडाशी सापडतो, मुठीएवढा, वेगळ्याच रंगाचा. तो निघेपर्यंत थांबायचं नाही. ही मळी दुसऱ्या कुंड्यांत ओतू नका.

मुळं धुतल्याशिवाय निर्णय घेऊ नका, कारण काळ्या मातीने सगळीच काळी दिसतात. रंगावरही जाऊ नका: स्नेक प्लांट आणि ड्रॅसिनाची निरोगी मुळं नारिंगी असतात, रबराच्या झाडाची जुनी मुळं तपकिरी. खरी पारख चिमटीत आहे. एक मुळी दोन बोटांत धरून हलकेच ओढा. निरोगी मुळी घट्ट लागते आणि वाकवली की कट्‌कन तुटते. कुजलेल्या मुळीची साल ओल्या कागदासारखी बोटात सुटून येते, आणि मागे दोऱ्यासारखी एक बारीक तार उरते. तो दोरा दिसला की ती मुळी गेली, कितीही लांब असली तरी.

याच वेळी आणखी दोन गोष्टी बघा. मुळांवर कापसासारखे पांढरे ठिपके असतील तर तो मुळांवरचा पिठ्या ढेकूण. मुळं नीट धुवा, जुनी माती टाका आणि कुंडी गरम पाण्याने घासा. मुळांवर मण्यांसारख्या गाठी असतील आणि त्या ओढून सुटत नसतील तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे सूक्ष्म जंत. अशा झाडाची माती कुठेही पुन्हा वापरू नका, आणि शक्य असेल तर झाड वाचवण्याऐवजी वरचं निरोगी कलम घ्या.

छाटणी

धारदार ब्लेड किंवा कात्री स्पिरिटने पुसून घ्या, दर दोन-तीन कापांनंतर पुन्हा पुसा. कुजलेली मुळी जिथे संपते तिथे न कापता थोडं वर, निरोगी भागात कापा. काप पांढरा किंवा दुधट दिसला पाहिजे. त्यात तपकिरी कडं दिसलं तर अजून वर. रबराच्या झाडाचा चीक हाताला आणि डोळ्यांना त्रास देतो, मनी प्लांटच्या रसानेही खाज सुटते, तेव्हा हातमोजे घाला.

मुळं गेली तेवढं वरचंही कमी करावं लागतं, कारण पानं पाणी उडवत राहतात आणि ओढायला खाली कुणी नसतं. पण हौसेने सगळी पानं खुडू नका. नवी मुळी फुटायला लागणारी साखर पानंच बनवतात. एक तृतीयांश मुळं गेली तर पिवळी पानं आणि कोवळा शेंडा काढला तरी पुरे. निम्मी गेली तर वरचा साधारण तिसरा भाग छाटा. तीन चतुर्थांशाहून जास्त गेली तर बुडाला वाचवायचा नाद सोडा आणि वरून नवं झाड करा. मनी प्लांटचं दोन-तीन डोळ्यांचं कांडं, एक डोळा पाण्यात बुडेल असं ठेवलं की दोन-तीन आठवड्यांत मुळ्या धरतं. स्नेक प्लांटच्या पानाचे चार इंची तुकडे खालची बाजू खाली ठेवून रोवता येतात, मात्र पिवळ्या काठाच्या जातीत पानातून येणारं रोप साधं हिरवं निघतं. काठ हवा असेल तर गड्ड्याचाच तुकडा लागतो.

रबराच्या झाडाला गुटी कलम उत्तम, पण ते मुळं उघडायच्या आधी, झाडात थोडा जीव असतानाच बांधायचं. पेन्सिलीहून जाड फांदीवर एक इंच रुंदीची सालीची अंगठी काढा, चीक पुसा, ओलं पिळलेलं मॉस किंवा कोकोपीट मूठभर लावून प्लास्टिकने दोन्ही टोकांना घट्ट बांधा. पावसाळ्यात दीड-दोन महिन्यांत प्लास्टिकमधून मुळ्या दिसतात.

खोडाचं बूड दाबल्यावर मऊ लागत असेल आणि पाणी सुटत असेल तर वर सांगितलेलं काहीच लागू नाही. वरची निरोगी फांदी घ्या, बाकी फेकून द्या.

औषध

कृषी सेवा केंद्रात मिळणारी कार्बेन्डाझिम १२ टक्के आणि मॅन्कोझेब ६३ टक्के ही मिश्र पावडर लिटरला २ ग्रॅम, त्यात छाटलेली मुळं पंधरा मिनिटं बुडवणं, एवढं पुरतं. मात्र कार्बेन्डाझिम पिथियम आणि फायटोफ्थोरावर चालत नाही, तिथे जे काय करतं ते मॅन्कोझेब. फार वास मारणाऱ्या, पाणचट कुजीला मेटॅलॅक्झिल आणि मॅन्कोझेबचं मिश्रण जास्त योग्य. वजन काट्यावर करा, स्वयंपाकघरातला चमचा वापरू नका, आणि बादली या कामासाठी वेगळी ठेवा.

ट्रायकोडर्मा ही स्वतः एक बुरशी आहे, रोगाच्या बुरशीला दाबणारी. ती रासायनिक औषधाबरोबर त्याच दिवशी दिली तर पैसे पाण्यात. पंधरा दिवसांनी, माती ओलसर असताना, लिटरला ५ ग्रॅमने आळवणी करा. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं बायोमिक्स, म्हणजे उपयोगी बुरशी आणि जिवाणूंचं मिश्रण, हळदीच्या कंदकुजीसाठी शेतकऱ्यांच्या ओळखीचं आहे. ते घरात असेल तर पाकिटावरच्या प्रमाणात कुंडीलाही चालतं. कापावर हळद लावण्याने बिघडत काही नाही, पण चिखल तसाच ठेवून हळद लावण्यात अर्थ नाही.

नवं मिश्रण

दहा इंची कुंडीला साधारण आठ लिटर माल लागतो. लिटरच्या मगाने: कोकोपीट ३ मग, विटांचा चुरा २ मग, भरड वाळू २ मग, चाळलेलं जुनं गांडूळखत १ मग. परलाइट (हलके, पांढरे, सच्छिद्र दाणे) मिळालं तर वाळूऐवजी घ्या, कुंडी हलकी राहते.

कोकोपीटची ६५० ग्रॅमची वीट फुगून आठ-नऊ लिटर होते. ती फुगवून दोन-तीनदा धुवा आणि पिळा, स्वस्त विटांत मीठ असतं. विटांचा चुरा चांगल्या भाजलेल्या लाल विटेचा हवा, आणि चहाच्या गाळणीतून पडेल तो भुगा टाकून वर उरेल तेवढाच वापरा, ज्वारीच्या दाण्यापासून तुरीच्या दाण्याएवढा. क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) घेतली तर तिच्यातला फुफाटा धुऊन काढा, नाहीतर तोच सिमेंटसारखा बसतो. सोयाबीनचं भूस फुकट मिळतं म्हणून घालू नका: ते कुंडीतच कुजतं, कुजताना नत्र खातं आणि सहा महिन्यांत मिश्रण बसून पुन्हा चिबडतं.

स्नेक प्लांट, झेडझेड, अडेनियम यांना कोकोपीट दीड मगावर आणा आणि तेवढा विटांचा चुरा वाढवा.

कुंडी उरलेल्या मुळांच्या मापाची घ्या, चौफेर एक इंच जागा सुटेल एवढी. पाच वर्षांचं झाड म्हणून मोठी कुंडी घेण्याचा मोह होतो, पण मुळं नसलेल्या जागेतलं पाणी ओढायला कुणी नसतं, ते तसंच राहतं. मुळं निम्मी झाली तर कुंडी आधीपेक्षा लहान घ्यायची वेळ येते, आणि ते बरोबर आहे. नवी सिमेंटची कुंडी असेल तर आठवडाभर पाण्यात ठेवून पाणी बदलत राहा, चुन्याचा अंश निघतो.

खोड पूर्वी होतं तेवढंच खोल लावा. माल अंगठ्याने ठेचू नका, कुंडी दोन-तीनदा जमिनीवर आपटली की पोकळी भरते. झाड डगमगत असेल तर काठीला बांधा, कारण हलणाऱ्या खोडाची नवी मुळी तुटत राहते. एकदा भोकातून वाहेपर्यंत पाणी द्या, नंतर वरचे दोन इंच कोरडे होईपर्यंत नाही. मांसल झाडांना मात्र पहिलं पाणी पाच-सात दिवसांनी, काप वाळल्यावर.

पुढचे दोन महिने

उत्तर किंवा पूर्वेच्या खिडकीशी, उजेडात पण उन्हाबाहेर. कूलरच्या खोलीतला दमटपणा झाडाला मानवतो, त्याचा झोत मात्र थेट पानांवर नको. फार मलूल असेल तर पारदर्शक पिशवी सैल घाला, दिवसातून एकदा काढून हवा द्या. खत दोन महिने अजिबात नाही.

पहिल्या दहा-बारा दिवसांत आणखी तीन-चार पानं गळतील. त्याने घाबरून जागा बदलू नका, पाणी वाढवू नका, आणि मुळ्या आल्या का हे बघायला झाड उपटू तर मुळीच नका. खोडावर नखाने बारीकशी साल खरवडा: खाली हिरवं असेल तर जीव आहे. तीन-चार आठवड्यांनी खोड हलकेच हलवलं की मातीने धरल्यासारखं वाटतं. फुटवा त्यानंतर येतो, थंडीत आणखी उशिरा.

पाणी: दुखणं उलटतं ते इथून

गावात नळ आठ-दहा दिवसांनी येतो आणि ज्या दिवशी येतो त्या दिवशी सगळ्या कुंड्या भरून निघतात, गरज असो-नसो. कुंडीचं वेळापत्रक नळावर बांधू नका. पाणी साठवा आणि काडीचं ऐकून द्या.

२०१६ साली ज्या लातुरात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे पाणी टाकून देणं जिवावर येणारच. म्हणून आरओचं वाया जाणारं पाणी आणि कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी कुंडीत जातं. पण आरओत ८०० टीडीएसचं (टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप) पाणी शिरत असेल आणि निम्मं गाळून निम्मं बाहेर पडत असेल, तर बाहेरचं दीड हजाराच्या घरात असतं. कूलरमध्ये तर दिवसभर नुसतं पाणी उडतं आणि क्षार टाकीतच साठत जातात, शेवटी उरतं ते मचूळ. हे पाणी फरशी पुसायला, संडासात टाकायला वापरा. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी मात्र जवळजवळ क्षारमुक्त असतं, ते कुंड्यांसाठी बाटलीत धरा.

बोअरचंच पाणी द्यावं लागत असेल तर महिन्यातून एकदा क्षार धुऊन काढा: आठ लिटरच्या कुंडीतून सोळा ते वीस लिटर बरं पाणी हळूहळू, तासाभरात, जाऊ द्या आणि पूर्ण निथळू द्या. पावसाळ्यात तेही नको. संततधार लागली की कुंडी एक दिवस अंगणात ठेवली तर पाऊसच ते काम करतो. ताटली तेवढी आधी काढून ठेवा. एरवीही ताटलीत साचलेलं पाणी अर्ध्या तासात ओतून द्यायचं, नाहीतर निथळलेले क्षार परत वर चढतात.

पाणी घालताना मातीवरून बारीक काळी चिलटं उडाली तर वरचा थर सतत ओला राहतोय असं समजा. त्यांच्या अळ्या कोवळी मुळी खातात. दोन पिवळे चिकट कागद खोचा आणि पुढचं पाणी चार दिवस लांबवा.